सप्रेम भेट

कादंबरी छापून यायच्या आधीच तिच्या दहा-वीस प्रती काढायच्या, ओळखीतल्या वाचणाऱ्या बायकांना वाटायच्या आणि ‘कशी वाटली ते सांगा हं’ म्हणायचं, ही रीत आता आपल्याकडेही रुळली आहे. पैशांचं विचारलं तर लेखिका म्हणते, ‘अहो, भेट आहे ती!’ मला प्रश्न पडतो तो एवढाच, की हे देणं आहे का मागणं?

ग्रंथ फुकट देणं आपल्याला नवं नाही. आहार, औषध, शास्त्र आणि अभय या चार दानांत शास्त्रदान आहेच. मंदिरातल्या कपाटातलं एखादं पुस्तक उघडा, किमतीच्या जागी ‘स्वाध्याय’ छापलेलं सापडेल. या दानाचा थोर दाखला अत्तिमब्बेचा. दहाव्या शतकात पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या हजार प्रती तिने ताडपत्रांवर लिहवून घेऊन वाटल्या, असं परंपरा सांगते. पोन्न ज्या राष्ट्रकूटांच्या दरबारात होता, त्यांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचं मळखेड. आपल्या सिकंदराबाद-वाडी रेल्वेमार्गावरचं, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातलंच. अत्तिमब्बेला लोक ‘दानचिंतामणी’ म्हणाले. पण एक लक्षात घ्या, पुस्तक तिचं नव्हतं. वाचून कुणी वाहवा केली असती, तर ती पोन्नाची.

स्वतःची कादंबरी देताना तसं होत नाही. मन त्या प्रतीच्या मागे मागे फिरतं. वाचली असेल का? फोन कसा नाही आला? केल्याचं फळ मनात धरून बसणं, याला आपल्याकडे निदान म्हणतात आणि ते शल्य मानलं आहे, आत रुतलेला काटा. तो देणारीला टोचतोच, पण घेणारीही सुटत नाही. पुस्तक फुकट मिळालेलं, वर सही, त्यात ती आपल्याच भिशीतली. मग दहा पानं चाळायची आणि म्हणायचं, ‘फार छान जमलंय हो!’ आपण याला माया म्हणतो. मराठीत माया म्हणजे जिव्हाळा, पण शास्त्रात माया म्हणजे कपट आणि तेही शल्यच. एकीचं निदान, दुसरीची माया. आणि मधल्या मध्ये कादंबरी होती तशीच कच्ची राहते.

मग द्यायचंच नाही का? तसं नाही. पुण्या-मुंबईपासून दूर, हैदराबादेत बसून मराठी लिहिणारीने वाचक शोधायचे तरी कुठे? तत्त्वार्थसूत्र सांगतं, की दानाचं मोल विधी, वस्तू, देणारा आणि घेणारा या चारांवर ठरतं. आणि वेळ टाळून देणं हा अतिचार मानला आहे. छपाईआधीच्या प्रतीचा खरा गुण हाच, की ती वेळेवर येते. अजून पान बदलता येतं, एखादं प्रकरण काढून टाकता येतं. म्हणून ‘कशी वाटली’ असं विचारू नये. ‘कुठे कंटाळा आला, कुठे खोटं वाटलं, तेवढं सांग’ असं विचारावं.

असं विचारलं, की कोण देतंय आणि कोण घेतंय हेच उलटं होतं. स्वयंपाक, पोरांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं यांतून वेळ काढून जी तीनशे पानं वाचते, खरी देणारी तीच. लेखिका गोचरीला आलेली. गोचरीला आलेले साधू पात्रात पडलेल्या अन्नाची चव वाखाणत नाहीत, नावंही ठेवत नाहीत. लेखिकेनेही ऐकावं तसंच. गोड बोलण्याने फुलू नये, कडू बोलण्याने रुसू नये.

आणि जिने वाचलंच नाही, तिने सरळ म्हणावं, ‘नाही गं झालं वाचून.’ त्यात अपमान कसला? रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत ‘सप्रेम भेट’ लिहिलेल्या प्रतीही येतात. आपली प्रत तिथे दिसली तर पोटात कालवेल, कबूल. पण दान म्हणजे आपला हक्क सोडणं. तो सोडला असेल, तर त्या प्रतीने कुठे जावं हे आता आपण ठरवायचं नाही.