धूर, धूळ आणि पिवळा दिवा

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे विस्तव आहे, हे अनुमानाचे उदाहरण न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच धड्यात भेटते. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’ची आठल्ये-बोडसांची आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली, त्या ग्रंथातही ते आहे. नवी मुंबईकराने हा डोंगर पारसिकचा धरावा. तिथे दगडखाणींची धूळही उडत आली आहे आणि दुरून धुळीला धूर समजणे सोपे आहे. मुळात खूणच खरी नसेल तर त्या हेतूला नैयायिक ‘असिद्ध’ म्हणतात. डॅशबोर्डवरच्या पिवळ्या ‘चेक इंजिन’ दिव्याचेही तसेच: खाडीच्या खाऱ्या, दमट हवेत सेन्सरच्या जोडणीला गंज चढला तरी तो लागतो.

पण खरा घोटाळा दिवा खरा असतानाच होतो. स्कॅनरने पी०१७१ हा कोड दाखवला, म्हणजे इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आहे. कोड एवढेच सांगतो. पेट्रोलचा पंप अशक्त झाला की हा कोड येतो, हे खरे. पण कोड आला म्हणजे पंपच गेला, हे त्यातून निघत नाही. धुरावरून विस्तव सांगता येतो, विस्तवावरून धूर नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात विस्तव असतो, धूर कुठे असतो? हवा चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपमधूनही आत शिरते, शिवाय हवा मोजणारा सेन्सर मळला तरी तोच कोड येतो. कोडवरून थेट पंप बदलणे म्हणजे व्यभिचारी, म्हणजे साध्य नसतानाही आढळणाऱ्या, हेतूवर पैसे खर्च करणे. अन्वय (हे असेल तिथे ते) आणि व्यतिरेक (ते नसेल तिथे हेही नाही) तपासायचे असतील तर साधन त्याच स्कॅनरमध्ये आहे. संगणक इंधन किती टक्के वाढवतो आहे तो आकडा, म्हणजे फ्युएल ट्रिम, गाडी उभी असताना जास्त आणि रेस दिल्यावर उतरत असेल तर हवा गळत असण्याचा संशय बळावतो. उलट, चढावर वा जोर लावल्यावर आकडा वाढला, तर पंप, फिल्टर किंवा हवेचा सेन्सर पाहावा.

यावर फक्त प्रत्यक्षालाच प्रमाण मानणारा चार्वाक म्हणेल, अनुमान कधीच निश्चित नसते, मग एकेक भाग बदलून पाहण्यात काय वाईट? आक्षेप वजनदार आहे, आणि गॅरेजवाल्याचा अनुभव अनेकदा बरोबरही ठरतो. पण नैयायिक उदयनाचार्यांनी शंकेला व्यवहाराची सीमा घातली आहे; त्याच धर्तीवर म्हणता येईल की धूर हवा म्हणून जो विस्तव पेटवतो, त्याला त्या दोघांच्या संबंधाची खरी शंका उरलेली नसते. चार्वाकाचा मेकॅनिकही पंप बदलतो तो पंपाने फरक पडेल याच भरवशावर. म्हणजे अनुमान तोही करतो, फक्त तपासत नाही. दुसरा आक्षेप, एवढा विचार करायला वेळ कुठे आहे? काही दिव्यांपुढे तो खरोखरच नसतो. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा सायन-पनवेल महामार्गावर लागला तर कारणमीमांसा करू नये. गाडी सुरक्षित जागी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे, कारण तिथे चुकीच्या शंकेची किंमत अख्खे इंजिन आहे. पिवळ्या दिव्याला तशी घाई सहसा नसते; तो लुकलुकत असेल तर मात्र मिसफायरने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळण्याची भीती असते. तेव्हा तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये कोणी पंप बदलायला सांगितला, तर होकार देण्याआधी एवढे विचारा: गाडी उभी असताना ट्रिम किती होता, आणि रेस दिल्यावर किती?