चोवीसची फ्रेम

माणसाची उंची त्याच्या कर्तृत्वावर ठरते, शरीरावर नाही, असे मला लहानपणापासून सांगण्यात आले आहे. सांगणारे सगळे माझ्याहून उंच होते.

मी पाच फूट चार इंच. यात वडलांचा दोष नाही. त्यांनी आपल्याकडून पूर्ण प्रयत्न केला. 'वाढत्या अंगाचं' या शब्दावर त्यांची सत्यनारायणाइतकी श्रद्धा होती. माझे शर्ट वाढत्या अंगाचे, चड्ड्या वाढत्या अंगाच्या, चपलासुद्धा वाढत्या पायाच्या. पाचवीत गेलो तेव्हा त्यांनी मेहकरच्या भर बाजारातून सायकल आणली. तीही वाढत्या अंगाची, म्हणजे चोवीसची.

ज्यांचा सायकलीशी संबंध सुटला त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या काळ्या सायकलींच्या फ्रेमी वीस, बावीस आणि चोवीस इंची असत. हा आकडा चाकाचा नव्हे. मोठ्या सायकलींचे चाक अठ्ठावीसचे. पायडलच्या आसापासून सीटखालच्या टोकापर्यंत जी उभी नळी जाते, तिची ही लांबी. चोवीस म्हणजे ताडमाड माणसाचे माप. मी तेव्हा त्या सायकलीच्या हँडलाएवढा होतो.

तीन वर्षे मी ती कैची चालवली. मग दांडीवर बसून चालवली. शेवटी सीटवर पोचलो, पण तिथे बसून डावे पायडल गाठायला डावीकडे आणि उजवे गाठायला उजवीकडे घसरावे लागे. चढणे-उतरणे फक्त ओट्याच्या आधाराने. मेहकरात कोणाच्या घराला किती उंच ओटा आहे हे मला त्या काळी पाठ होते. माझी मैत्रीही उंच ओटेवाल्यांशीच झाली. वडील म्हणत, "वाढशील." पुढे मला बँकेत नोकरी लागली, लग्न झाले, तरी त्यांनी आशा सोडली नव्हती.

वाढला तो आमचा चिरंजीव. सहा फूट दोन इंच! हे सगळे आपल्या माहेराकडून आले असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे आहे आणि पुरावाही त्यांच्याच बाजूने आहे. तो शिकायला पुण्याला गेला. तिथे बालेवाडीला 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी मोठे क्रीडासंकुल उभे राहिले, त्यात सायकलींचा ट्रॅक आहे. वाटोळा, परातीसारख्या उचललेल्या कडांचा. आमच्याकडच्या भाषेत सांगायचे तर लोणारच्या विवराच्या आतल्या काठावरून सायकल फिरवायची. चिरंजिवांनी ते पाहिले आणि त्यांना ट्रॅक सायकल हवी झाली.

या सायकलीला ब्रेक नसतो आणि फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते आहे तोवर पाय फिरलेच पाहिजेत. कडेला पायडल घासू नये म्हणून आससुद्धा जरा वर बसवतात. साध्या सायकलीवर माप चुकले तर माणूस उठतो, सरकतो, क्षणभर पाय सोडून देतो. इथे ती सोय नाही. अंग आणि सायकल एकमेकांना बांधलेली, लग्नासारखी.

कोणीतरी छप्पन्न सेंटिमीटरची फ्रेम अर्ध्या किमतीत विकत होते. मी खूश झालो. चिरंजीव फोनवर म्हणाला, "बाबा, मला एकसष्ट लागते."

"अरे, पाच सेंटिमीटरने काय होतं? सीट वर घे."

"सीट वर घेतली की ती मागेही जाते. हँडल खालीच राहतं. दांडी आखूडच. मग पाठ, मान, गुडघे... सगळं दुखणार."

त्याने माप काढले होते. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहायचे, दोन पायांत पुस्तक घट्ट वर दाबायचे आणि पुस्तकापासून जमिनीपर्यंत मोजायचे. आले 91 सेंटिमीटर. त्याला 0.67 ने गुणले की फ्रेम आणि 0.883 ने गुणले की सीटची उंची. दशांशानंतर तीन आकडे! बँकेत आम्ही पैशावर, म्हणजे दोनावरच थांबतो. मी निरुत्तर झालो आणि निरुत्तर बाप जे म्हणतो तेच म्हणालो, "चालवून घे."

फोन ठेवला आणि झोप उडाली. वडील 'वाढशील' म्हणाले होते, मी 'चालवून घे' म्हणालो. त्यांनी मला मोठे व्हायला सांगितले, मी पोराला लहान व्हायला सांगत होतो. फ्रेमला कोणीच काही सांगत नव्हते. माणसाने वस्तूच्या मापाचे व्हावे की वस्तूने माणसाच्या?

काउंटरवर हा प्रश्न मी रोज सोडवतो आणि चुकीचा सोडवतो. फॉर्मवर नावासाठी चौकोन मोजके असतात. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचे नाव त्यांत मावेना. मी म्हणालो, "बाबाजी, वडलांचं नाव नुसतं एका अक्षराने लिहू." त्याने मान हलवली, पण सही करताना तो बराच वेळ त्या एका अक्षराकडे पाहत होता. चौकोन वाढवता येत नाहीत हे खरेच आहे. पण मला ते इतक्या सहज म्हणता आले, हे त्या रात्री खुपले.

आमच्या गावाने मात्र एकदा बरोबर उत्तर दिले आहे. 1888 साली इथे खोदकामात शारंगधर बालाजीची मूर्ती सापडली. काळ्या पाषाणाची, माणसाच्या उंचीहून कितीतरी मोठी. हिला आहे त्या देवळात 'चालवून घ्या' असे कोणी म्हटले नाही. देऊळ मागाहून बांधले, मूर्तीसाठी बांधले.

पण देवाचे ठीक आहे. प्रत्येक माणसाच्या मापाची सायकल करायची ठरली असती तर ती फक्त सावकारांना मिळाली असती. तीनच मापे होती म्हणून स्वस्त झाली आणि दूधवाला, पोस्टमन, मास्तर चाकावर आले. हेही खोटे नाही. आणि आपल्या मापाची वस्तू घडवली तरी जग ती चालवू देईल असे नाही. ग्रॅम ऑब्री नावाच्या स्कॉटिश गड्याने घरीच सायकल बनवली, त्यात धुलाईयंत्राची बेअरिंग घातली, हात छातीशी दुमडून बसण्याची स्वतःची तऱ्हा काढली आणि 1993 साली नॉर्वेत एका तासात 51.596 किलोमीटर तोडून जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी सायकलींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या बसण्यावर बंदी घातली! त्याच्याही नशिबी चौकोन आलेच.

पहाटे उठून मी माळ्यावरची सायकल काढली. टेप लावला. चोवीस इंच, म्हणजे 60.96 सेंटिमीटर. चिरंजिवांचे 91 गुणिले 0.67, उत्तर 60.97. वडलांचा अंदाज एका पिढीने चुकला होता, पण मिलिमीटरच्या फक्त दहाव्या भागाने. अशी जुळणी आमच्या कॅशमध्येही होत नाही. हवा भरून देताना दुकानदार म्हणाला, "सायकल चांगली हाय साहेब, पन ते तुमची नव्हती."

दिवाळीला चिरंजीव आला आणि तिच्यावर टांग टाकून सहज बसला. पाय बरोबर पोचले. गुडघे मात्र वळलेल्या हँडलाला लागले. आकडा फक्त उभ्या नळीचा असतो, आडव्या दांडीबद्दल तो काहीच बोलत नाही. तरी पैनगंगेच्या पुलापर्यंत जाऊन आला.

"बाबा, ब्रेकच लागत नाहीत!"

"मग झाली की तुझी ट्रॅक सायकल," मी म्हणालो.

तो हसला नाही. आजोबांच्या सायकलीची दांडी पुसत उभा राहिला. छप्पन्नबद्दल त्याने काही विचारले नाही. मीच विचारले, "एकसष्टची किंमत काय म्हणालास?"

त्याने सांगितली. मी जवळचा ओटा शोधला.