नकार आणि कारण

माझी भाची भूजलशास्त्राची विद्यार्थिनी. दख्खनच्या काळ्या कातळात पावसाचे पाणी कुठून शिरते, किती दिवस मुक्काम करते आणि विहिरीत कोणत्या वाटेने उतरते, हा तिचा ध्यास. एम.एस्सी. झाल्यावर दोन वर्षे तिने पुरंदर तालुक्यातल्या विहिरी मोजण्यात घालवली, आणि 2024 च्या मार्गशीर्षात अमेरिकेतल्या नऊ विद्यापीठांकडे पीएच.डी.साठी अर्ज धाडले. प्रत्येक अर्जामागे शंभरेक डॉलर शुल्क, तीन प्राध्यापकांची शिफारसपत्रे, आणि आपल्याला हे संशोधन का करावयाचे आहे ते सांगणारा दोन पानांचा मजकूर. माघ-फाल्गुनात उत्तरे येऊ लागली. आठ ठिकाणांहून नकार आला. नवव्या ठिकाणी तिचे नाव प्रतीक्षायादीत होते.

आठही पत्रे तिने मला फोनवर वाचायला दिली. आठ निरनिराळ्या गावांहून निघालेली ती पत्रे एकाच कारकुनाने लिहावीत इतकी सारखी होती. अर्ज फार आले, जागा थोड्या, निर्णय अवघड गेला, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मीही वडीलधाऱ्या माणसाने म्हणावयाचे तेच म्हटले, "अगं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्या पायरीवर गेलं की सगळी लॉटरीच असते."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग मामा, ज्यांना मिळालं त्यांनाही लॉटरीच लागली ना? पण त्यांच्या घरचे पेढे खाताना तुम्ही तसं कधी म्हणाला नाहीत. तुमच्या स्वतःच्या पीएच.डी.ची गोष्ट सांगताना तर नाहीच."

तिला उत्तर देणे मला जमले नाही. तेव्हापासून तो प्रश्न माझ्यामागे लागला आहे.

तसे पाहू गेले तर माझे म्हणणे खोटे नव्हते. तिकडे विज्ञानशाखांत विद्यार्थ्याला प्रवेश द्यावयाचा म्हणजे बहुधा पाचएक वर्षांच्या त्याच्या वेतनाची तरतूद करावयाची. साहजिकच जागा किती, हे पुष्कळदा पैशावर ठरते. एखाद्या प्राध्यापकाच्या अनुदानाची मुदत संपते, कोणी निवृत्तीला टेकतो, गेल्या वर्षी धरले होते त्याहून दोन विद्यार्थी अधिक येतात, की यंदाचे दार निम्मे मिटते. 2020 साली महामारीच्या धास्तीने काही विभागांनी पुढच्या वर्षाचे प्रवेशच थांबवले. 2025 साली सरकारी संशोधननिधीला कात्री लागली, तेव्हा काही विद्यापीठांनी जागा कमी केल्या, तर काहींनी देऊ केलेले प्रवेशही मागे घेतले. यांतले काहीही अर्जदाराच्या गुणपत्रिकेत लिहिलेले नसते. त्याला फक्त नकार दिसतो, आणि नकाराला कारण हवेच म्हणून तो ते स्वतःत शोधू लागतो.

पण हे सगळे जर नाकारलेल्याच्या बाबतीत खरे असेल, तर निवडलेल्याच्या बाबतीत ते खोटे कसे ठरेल? आपण दैवाला अपयशाच्या दारातून आत घेतो आणि यश आले की मागच्या दाराने घालवून देतो. पराभूताला 'नशीब' म्हणायचे नि विजयी माणसाला 'गुणवत्ता', यात दया असेलही. सचोटी मात्र नाही. नाकारलेला माणूस ही लबाडी ओळखतो, म्हणूनच आपले सांत्वन त्याला लागू पडत नाही.

मी स्वतः टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका संस्थेच्या निवड समितीवर होतो. निम्मे अर्ज बाजूला पडले ते रीतसर पडले. त्याबद्दल आजही मला खंत नाही. गुणवत्ता हे थोतांड आहे असे मी म्हणत नाही. त्या खोलीपर्यंत येण्यासाठी ती लागतेच. परंतु शेवटी एक जागा उरली आणि दोन मुले उरली. दुपारचे चार वाजून गेलेले. दोघेही सारख्याच तयारीचे. आम्ही पंधरा मिनिटे बोललो, चहा आला, आणि चहा संपेपर्यंत एक नाव कायम झाले. का, ते त्या दिवशीही मला नीट सांगता आले नसते. दुसऱ्याला जे पत्र गेले त्यावर माझी सही होती, आणि त्यातही अर्ज फार आणि जागा थोड्या असेच लिहिले होते.

अशा वेळी थोरामोठ्यांची उदाहरणे देण्याची आपल्याकडे चाल आहे. कमला सोहोनींचे उदाहरण तर घरचेच. तेव्हा त्या कमला भागवत होत्या. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. त्यांनी नकार दिला, आणि कारण सांगितले: अर्जदार स्त्री आहे. कमलाबाई हटून बसल्या. अखेर वर्षभर परीक्षा म्हणून, अटी घालून, त्यांना आत घेण्यात आले. 1939 साली केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी मिळवली.

"म्हणून तूही हटून बस," असे मी भाचीला सांगणार होतो; पण सांगता सांगता थांबलो. रामन यांचे कारण अन्यायाचे होते खरे, पण ते कारण होते. ते खोटे आहे हे कमलाबाईंना ठाऊक होते, त्याच्याशी त्यांना भांडता आले, आणि पुढे ते खोटे पाडताही आले. माझ्या भाचीने कशाशी भांडावे? तिच्या आठ पत्रांत एकही कारण नाही. उद्धट नकारापुढे माणूस ताठ उभा राहू शकतो; सभ्य नकारापुढे त्याला टेकायला भिंतही सापडत नाही. शिवाय जी हटून बसली आणि आत गेली तिची गोष्ट आपल्यापर्यंत पोचते. तितकेच हटून बसूनही जिला दार उघडले नाही तिची गोष्ट कोण सांगणार?

तेव्हा मी फक्त एवढेच केले: माझ्या पीएच.डी.ची गोष्ट तिला पुन्हा सांगितली, या खेपेला पूर्ण. माझ्या आधी निवडलेला गृहस्थ आयत्या वेळी नोकरी धरून निघून गेला, म्हणून माझी वर्णी लागली होती. हा भाग मी इतकी वर्षे गाळीत आलो होतो. खोटे बोलण्याचा हेतू नव्हता; तो भाग महत्त्वाचा आहे असे मला कधी वाटलेच नव्हते. ती हसली. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच हसली असावी. मला मात्र जरा ओशाळल्यासारखे झाले.

तिकडे 15 एप्रिल ही तारीख बहुतेक विद्यापीठे पाळतात. निवडलेल्या विद्यार्थ्याने तोवर उत्तर द्यावयाचे. त्याने नाही म्हटले तर यादीतला पुढचा वर सरकतो. म्हणजे तिथेही कुणाच्या तरी नकाराचीच वाट पाहायची! तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली दुसरी पहाट. 16 तारखेला सकाळी ती घरी आली. काही आले नव्हते. रात्रभर जागलेली दिसत होती, आणि रडलेलीही. मी काही बोललो नाही.

चहा घेतल्यावर तिने माझी जुनी पन्नास मीटरची फीत मागितली. तिची तुटली होती. वैशाखात पाणी तळाला जाते. तेव्हाची पातळी नोंदवली नाही तर ते वर्ष हातचे जाते, म्हणाली. पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा अर्ज करणार का, ते मी विचारले नाही, तिनेही सांगितले नाही. दारात चपला घालताना मात्र ती थांबली.

"मामा, तुमच्या समितीतला तो दुसरा मुलगा. त्याचं पुढे काय झालं?"

मी कधी चौकशी केली नव्हती. त्याचे नाव आठवून पाहिले. तेही आठवले नाही.