ब्लॉक बसवण्याआधी



आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय १६, श्लोक १ ते ३.

या तीन श्लोकांत दैवी संपत्तीचे २६ गुण येतात. सुरुवात अभयाने होते. पहिल्या श्लोकाच्या शेवटी आर्जव येतं, म्हणजे सरळपणा. दुसऱ्या श्लोकात ह्री येते, म्हणजे वाईट करताना वाटणारी लाज. ज्ञानोबांनी सोळाव्या अध्यायात यातला एकेक गुण किती प्रेमाने उलगडलाय! मी हे कॉलेजपासून वाचतोय. पण हे तीन शब्द मला खरे भेटले ते गेल्या जुलैत, आमच्या वेसाव्यात, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, हात ऑइलने काळे झालेले असताना.

आमच्या ओळखीचे एक मामा आहेत, कोळीवाड्यातले. त्यांची जुनी स्प्लेंडर निळा धूर सोडायला लागली होती. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे गाडी कामाला काढायची तर हीच वेळ. ऑगस्ट लागला की मामांना पहाटे बंदर गाठायचं असतं, मध्येच फेरीबोटीत गाडी चढवून मढला जायचं असतं. मी तोवर कार्बोरेटर साफ केलेला, क्लच प्लेटा बदललेल्या. म्हटलं, "मामा, मेकॅनिककडे कशाला जाता? मी करतो. सेवा समजा." सेवा म्हणालो खरा, पण त्यात मिरवणं किती होतं ते मलाच ठाऊक.

हेड काढलं, ब्लॉक काढला, नवा पिस्टन लावायला घेतला. पिस्टन रॉडला एका पिनने जोडलेला असतो. ती पिन सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना तारेची बारीक रिंग बसवतात. मेकॅनिक तिला लॉक म्हणतात. नखाएवढी वस्तू. पहिलं लॉक बसलं. दुसरं पकडीतून सटकलं, टिक् असा आवाज झाला, आणि ते क्रँककेसच्या उघड्या तोंडातून आत गेलं.

रात्रीचे साडेनऊ वाजले होते. पार्किंगमध्ये कोणी नव्हतं.

टॉर्च मारला, काही दिसेना. क्रँक फिरवला नाही, एवढंच काय ते शहाणपण. मग डोक्यात विचार सुरू झाले. लॉक काही रुपयांत नवं मिळतं. ते लावायचं, ब्लॉक बसवायचा, ऑइल भरायचं. गाडी सुरू होईल. आतलं लॉक कदाचित तळाशी पडून राहील, कधीच कुणाला कळणार नाही. आणि खरं सांगतो, यानंतरचा विचार सगळ्यात लाजिरवाणा होता: नामस्मरण करून बंद करू, देव बघून घेईल.

म्हणजे बघा, माझी लबाडी झाकायला मी देवाला बोलावत होतो.

आता प्रश्न असा. लॉक पडलं, यात पाप काय? काहीच नाही. हात आहे, सटकतो. पण त्यावर ब्लॉक बसवणं ही चूक राहत नाही, तो निर्णय होतो. ऑइल पंपाच्या तोंडाशी जाळी असते, गिअरच्या दातांपाशी नसते. तिथे पोलादाचा तुकडा अडकला आणि चालत्या गाडीत इंजिन जाम झालं, तर मागचं चाक जागीच थांबू शकतं. मामा बऱ्याचदा नातवाला पुढे टाकीवर बसवतात. समजा यातलं काहीच झालं नसतं, तरी मी त्या दोघांच्या जिवावर, त्यांना न विचारता, जुगार खेळलो असतो. जिंकलो असतो तरी जुगार तो जुगारच.

मला वाटायचं भीती आणि लाज एकच. त्या रात्री फरक कळला. भीती म्हणत होती, लपव, नाहीतर मामा काय म्हणतील. लाज म्हणत होती, सांग, नाहीतर उद्या मामांच्या डोळ्यांत बघशील कसा. भीतीला स्वतःची पडलेली असते. लाजेला समोरच्याची आठवण असते. म्हणून त्या यादीत अभय आहे आणि ह्रीसुद्धा आहे. दोघांत भांडण नाही.

फोन केला. मामा खाली आले, वाकून बघितलं, आणि चिडले. "बोटीचं इंजिन खोललं की आम्ही पहिलं भोकात फडकं कोंबतो. तू का नाही कोंबलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तेच टॉर्च धरून बसले. ऑइल काढून चहाच्या गाळणीतून गाळलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी दांडीचं चुंबक आणलं. ते क्रँकलाच चिकटायचं, म्हणून त्यावर प्लॅस्टिकची नळी चढवून फक्त टोक उघडं ठेवलं. तरी हाती काही लागलं नाही. शेवटी गाडी टेम्पोत टाकून मेकॅनिककडे नेली. इंजिन उतरवून पूर्ण खोलावं लागलं, तेव्हा लॉक सापडलं, क्रँकच्या मागे कोपऱ्यात. खर्च मी भरला. मामांचे ऑगस्टचे पहिले चार दिवस रिक्षात गेले.

मेकॅनिक म्हणाला, "वर्षभर काही झालं नसतं. नाहीतर पहिल्याच किकला झालं असतं."

खरं बोलल्यावर सगळं गोड होतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पुढची सर्व्हिसिंग मामांनी त्या मेकॅनिककडेच केली. बरोबरच केलं. पण रस्त्यात भेटले की थांबतात, नातू हात हलवतो, आणि मला मान खाली घालावी लागत नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये टाके घालण्याआधी कापडाचे तुकडे आणि सुया मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढलेल्या तपासणी-यादीतही ही मोजणी आहे. डॉक्टर वाईट असतात म्हणून ती करत नाहीत. चांगल्या हातूनही वस्तू आत राहते, हे मान्य करून करतात. मला हे आर्जवाचंच रूप वाटतं. आपण चुकणार हे आधीच कबूल करायचं, आणि झाकण लावण्याआधी मोजायचं.

आजचा प्रयत्न: रात्री झोपण्याआधी दिवसाची मोजणी करा. कुणाच्या आयुष्यात आपल्या हातून काही पडलंय का? एखादा शब्द, अर्धवट सांगितलेली गोष्ट, न परतवलेले पैसे? असेल तर "देव बघून घेईल" म्हणू नका. आधी फोन करा, मग हात जोडा.

पांडुरंगा, हात सटकले तर सांभाळून घे. पण झाकण लावायची बुद्धी झाली, तर हात धर.

राम कृष्ण हरी.