बटण बंद, बोजा तसाच
चारही चाकांना ताकद देणारी गाडी घेतल्यावर काही महिने नुसतं कौतुक चालतं. मग पेट्रोल पंपावरचे आकडे डोळ्यांत भरू लागतात आणि मनात येतं, रोज तर हडपसरहून हिंजवडीलाच जायचं आहे. एवढ्यासाठी चारही चाकं कशाला राबवायची? दोन बंद ठेवली तर ॲव्हरेज वाढेल का?

थारसारख्या गाडीपुरतं उत्तर सोपं आहे. नाशिकला तयार होणाऱ्या फोर बाय फोर थारमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. तो फोर-एचवर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात, वाळूत चाक जरासं घसरून हा फरक भागवून घेतं. कोरड्या डांबरावर त्याला घसरायला जागा नसते; टायर घासतात, गिअर ताणाखाली येतात आणि डिझेल फुकट जातं. म्हणून एरवी दांडा टू-एचवरच हवा. तिथे काटकसरीचा प्रश्नच नाही, ती गाडी चालवायची रीतच तशी आहे.

खरी गंमत ऑल व्हील ड्राइव्हवाल्यांची. 2014 मध्ये आपल्याकडे आलेल्या रेनॉ डस्टरच्या या आवृत्तीत एक गोल बटण होतं : टू-डब्ल्यूडी, ऑटो आणि लॉक. बटण ऑटोवर असलं तरी सरळ, कोरड्या रस्त्यावर गाडी ओढायचं बहुतेक काम पुढचीच चाकं करतात. मागच्या चाकांकडे ताकद नेणारा क्लच तेव्हा जवळजवळ सैलच असतो. पुढचं चाक घसरू लागलं की तो आवळला जातो. म्हणजे आपण ऐटीत बटण टू-डब्ल्यूडीवर फिरवतो, तेव्हा जे आधीच सैल होतं तेच सैल करतो.

आणि बाकीचं सामान कुठे जातं? कुठेच नाही. लांबलचक प्रॉपेलर शाफ्ट गाडीखाली फिरतच राहतो. मागची चाकं रस्त्यावर घरंगळताना डिफरन्शियलमधली दातेरी चक्रं दाट तेलात घुसळत राहतात. या सगळ्याचं वजन तर प्रत्येक सिग्नलला नव्याने हलवावं लागतं. छत्री मिटली तरी काखेत राहतेच.

हे नुकसान फार मोठं असतं असंही नाही. अमेरिकेतल्या सरकारी मोजणीत 2019 ची होंडा सीआर-व्ही, त्याच दीड लिटरच्या टर्बो इंजिनासह, पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर गॅलनला 30 मैल देते आणि चारही चाकांची असेल तर 29. आपल्या भाषेत सांगायचं तर लिटरला सुमारे पावणेतेरा किलोमीटर आणि सव्वाबाराच्या किंचित वर. दहा हजार किलोमीटरमागे फरक पडतो साधारण 27 लिटरचा. पण हा फरक ती यंत्रणा गाडीत मुळात नसण्याचा आहे. ती असून नुसती बंद ठेवली, तर या 27 लिटरांतला जेमतेम तुकडा हाती लागेल.

सुबारूच्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत बॉनेटखाली एक रिकामा कप्पा असे. त्यात फ्यूज बसवला की मागच्या चाकांची ताकद तुटायची. ही सोय होती छोटी स्टेपनी लावून गॅरेजपर्यंत जाण्यापुरती, पेट्रोल वाचवण्यासाठी नव्हे. तरी हौशी मंडळींना त्यात ॲव्हरेज दिसलंच. हल्लीच्या गाडीत असले फ्यूजचे प्रयोग अजिबात करू नयेत. चाकांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणा एकमेकींत इतक्या गुंतलेल्या असतात की एकीला झोपवायला जावं आणि दुसरीनेही डोळे मिटावेत.

खरी बचत हवी तर शाफ्टचं आणि चक्रांचं ते फिरणंच थांबवावं लागतं. 1948 मध्ये आर्थर वॉर्न या अमेरिकन माणसाने युद्धातून उरलेल्या जीपसाठी असे हब बनवले की खाली उतरून हाताने फिरवले की पुढचं चाक ॲक्सलपासून सुटायचं आणि आतला पसारा शांत बसायचा. आपल्याकडच्या जुन्या जीपवाल्यांनाही हे फ्रीव्हील हब ओळखीचे आहेत. 2016 मध्ये ऑडीने हेच संगणकाच्या हाती दिलं. गरज नसेल तेव्हा शाफ्ट दोन्ही टोकांना सुटून थांबतो. एवढं करून कंपनीचाच दावा होता 100 किलोमीटरला सरासरी 0.3 लिटर बचतीचा.

तरीही बटणाचा मोह सुटत नाही, कारण ते एकदाच फिरवायचं असतं. टायरमधली हवा दर महिन्याला बघावी लागते. एक्स्प्रेसवेवर 100 ऐवजी 80 ने जायचं तर प्रत्येक ओव्हरटेक करणाऱ्याकडे दुर्लक्ष करावं लागतं. 100 ला वाऱ्याचा विरोध 80 च्या दीडपटीहून जास्त असतो, हे ठाऊक असूनही पाय ऐकत नाही. टपावरचं कॅरिअर तर गेल्या दिवाळीपासून तसंच असतं. यातलं काहीच बटणाइतकं सुटसुटीत नाही, आणि यातल्या प्रत्येकातून मिळणारं इंधन बटणातून मिळणार नाही.

हिशोब करायचा तर तो शोरूममध्येच करावा. 2023 च्या सुरुवातीला महिंद्राने थारही फक्त मागच्या चाकांवर चालणारी आणली, ती काही उगाच नाही. ज्यांनी चार चाकांची घेतली आहे त्यांनी जुलैत ताम्हिणीत, आंबोलीत बटण खुशाल ऑटोवर ठेवावं आणि घोटभर पेट्रोल जास्त गेलं तर जाऊ द्यावं. फक्त घाट उतरताना तिच्यावर विसंबू नये. चारही चाकांना मिळते ती इंजिनाची ताकद. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात, आणि ओल्या रस्त्यावर ही गाडी शेजारच्या साध्या गाडीपेक्षा हातभरही लवकर थांबत नाही.