दार कुणासाठी उघडतं

करोनाच्या लशींसाठी मुंबई महापालिकेनं कांजूरमार्गला शीतगृह उभारलं. कोविशील्डला 2 ते 8 अंशांची थंडी लागते आणि ती राखणारी यंत्रं पैसे मोजले की मिळतात. पण आजूबाजूच्या चाळींत, भांडुपच्या डोंगरउतारावरच्या वस्त्यांत, लस आली म्हणून दार कोण उघडणार, हा प्रश्न पैशानं सुटणारा नव्हता.

2020च्या उन्हाळ्यात त्या दारांमागे आजारापेक्षा उचलून नेण्याची धास्ती मोठी होती. ताप आलाय म्हणावं, तर गल्ली सील होणार, तोंडाशी बांबू ठोकणार, घरदार विलगीकरणात जाणार आणि रोजंदारी बुडणार. त्यापेक्षा तापाची गोळी घेऊन गप्प पडलेलं बरं. याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. हातावर पोट असलेल्यांचा तो रोकडा हिशेब होता.

या गल्ल्यांतून महापालिकेची आरोग्य सेविका पल्स पोलिओच्या फेरीत वर्षानुवर्षं फिरलेली असते. पोराच्या करंगळीला शाई लावायची, दारावर खडूनं खूण करायची आणि पुढचं घर गाठायचं. कुणाच्या सुनेला सातवा लागलाय, कुणी टीबीची औषधं मध्येच सोडलीत, तिला ठाऊक असतं. सप्टेंबर 2020मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन अशीच एखादी ताई उंबऱ्याशी उभी राहायची. "मावशी, बोट द्या बघू," म्हणायची. मंत्र्यांची भाषणं टीव्हीवर ऐकून जे बोट पुढे आलं नसतं, ते तिच्यासाठी यायचं.

मुंबईला हा धडा नवा नाही. प्लेगच्या साथीत, ऑक्टोबर 1896मध्ये, गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, अशी लोकांची धारणा झाली होती. पुण्यात मार्च 1897मध्ये प्लेग अधिकारी रँडच्या हुकमानं गोरे सोजीर घरांत शिरून झडत्या घेऊ लागले. त्याच महिन्यात सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या आणि 10 मार्चला प्लेगनंच गेल्या. रोग एकच, शहर एकच. पण सोजीर दिसला की लोक रोगी लपवत. सावित्रीबाईंच्या मागे मात्र त्या वस्त्यांत काढलेलं अर्धं शतक होतं.

धारावीत 2020मध्ये पालिकेनं वस्तीतल्याच खाजगी डॉक्टरांना सोबत घेतलं आणि तापाचे दवाखाने चालवले, हा निर्णय मला म्हणूनच शहाणपणाचा वाटतो. साथीतल्या नेत्यानं ओळखीच्या माणसाला खरी माहिती द्यावी, अधिकार द्यावा आणि त्याच्या पाठीशी उभं राहावं. नेमकं इथेच आपण कमी पडलो. ज्यांच्या शब्दावर दारं उघडली, त्यांना मानधनावर राबवलं. असंच दारोदारचं काम करणाऱ्या राज्यभरातल्या आशा सेविकांना जून 2021मध्ये संपावर जावं लागलं. आणि विश्वास दुसरीकडूनही गळत होता. मार्च 2021मध्ये भांडुपच्या ड्रीम्स मॉलला आग लागली आणि वरच्या रुग्णालयातले करोनाचे रुग्ण दगावले. त्याच वर्षी 30 मे रोजी कांदिवलीच्या एका बड्या सोसायटीत चक्क बनावट लसीकरण शिबिर झालं. शिकलेली माणसंही फसली, कारण खात्री करायला ओळखीचं कुणी समोर नव्हतं.

या धामधुमीत मुलांच्या नेहमीच्या लसीकरणाच्या फेऱ्या मागे पडल्या, ही किंमत फारशी कुणी मोजली नाही. 2022च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला, लहान मुलं गेली. लसीला नकार देणाऱ्या घरांसाठी पालिकेनं मौलवींना आणि स्थानिक डॉक्टरांना साकडं घातलं, आणि पुन्हा त्याच सेविका दारोदार निघाल्या, मानधनावरच.