न जन्मलेल्यांचे देणे

माणूस जन्माला येतो तो तीन ऋणे डोक्यावर घेऊन, असे आपल्याकडे मानले गेले आहे: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. तिन्ही ऋणे मागच्यांची. ज्यांनी दिले त्यांचे फेडायचे, हा व्यवहार कुणालाही पटावा असाच आहे. पण जे अजून जन्मालाच आले नाहीत, ज्यांनी आपल्याला काडीइतकेही काही दिले नाही आणि जे कधी आपल्या दारी वसुलीला येणार नाहीत, त्यांचेही आपण काही देणे लागतो काय? फराळाच्या ताटाजवळ हा प्रश्न रुक्ष वाटेल, हे मला ठाऊक आहे. पण ताटाभोवती दिव्यांचा जो झगमगाट आहे, त्यातूनच तो निघाला आहे.

४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी सुरू झाली आणि १९६९ साली तारापूरची वीज मिळू लागली. या विजेला धूर नाही. पण तिची राख मात्र विलक्षण आहे. वापरलेल्या इंधनात सीझियम आणि स्ट्रॉन्शियम असतात. त्यांचा किरणोत्सार सुमारे तीस वर्षांनी निम्मा होतो. म्हणजे तीनशे वर्षांत तो हजारावर एक उरतो. हे आपल्या कल्पनेत मावते. शिवराज्याभिषेकालाही साडेतीनशे वर्षे होऊन गेली आहेत. पण प्लुटोनियम निम्मे व्हायला सुमारे २४,००० वर्षे लागतात. त्याचा बहुतेक भाग पुन्हा इंधनासाठी वेगळा काढता येतो, हे खरे. तरी अशा दीर्घायुषी द्रव्यांचा काही अंश मागे राहतोच. ही राख बोरोसिलिकेट काचेच्या रसात मिसळून तिची घट्ट वडी करतात. तारापूरला हे काम होते.

माझी एक भाची अणुअभियांत्रिकीत डॉक्टरेटसाठी संशोधन करते. तिचा विषय ही काच. काचेचे तुकडे ती गरम पाण्यात ठेवते आणि ठरावीक दिवसांनी त्या पाण्यात काचेचा किती अंश उतरला हे मोजते. बाहेरच्याला हे काम फार कंटाळवाणे वाटेल. मी तिला एकदा विचारले, “चार वर्षांच्या प्रयोगावर हजारो वर्षांची हमी कशी ग देणार तू?”

ती म्हणाली, “मामा, हमी नाही देत आम्ही. किती कळले आणि किती नाही कळले, तेवढे लिहून ठेवतो.” मग तिने सांगितले, की ज्वालामुखीच्या रसापासून झालेली काच निसर्गात लाखो वर्षे पडून आहे; ती कशी झिजली हे पाहून आपल्या काचेचा अंदाज बांधता येतो. आफ्रिकेत गॅबॉन देशातील ओक्लो येथे सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात आपोआपच अणुभट्टी पेटली होती, हे १९७२ साली उघडकीस आले. तिच्यात तयार झालेले प्लुटोनियम फारसे न हलता जागच्या जागीच विरून गेले.

तिचे ते उत्तर माझ्या मनातून जाईना. पूल कोसळला तर बांधणाऱ्याला जाब विचारतात. औषध बाधले तर रोगी वैद्याच्या दारात येतो. भाचीचे प्रयोग तिचे परीक्षक तपासतील, दुसरे कुणी करूनही पाहतील. पण दहा हजाराव्या वर्षी काय झाले, हे तिला सांगायला कुणी येणार नाही. आपल्याला ठाऊक नसलेले तिने ठाऊक आहे म्हणून लिहिले, तर त्याचा त्रास ज्याला होईल त्याला तिचे नावही कळणार नाही. जाब विचारणारा नसताना पाळलेले सत्य, हीच मला नीतीची खरी कसोटी वाटते. उरलेले बरेचसे नुसते हिशेब असतात.

कुणी म्हणेल, पुढचे लोक आपल्याहून शहाणे असतील, ते पाहून घेतील. पण ‘मुलगा कर्तबगार निघेल, तो फेडील’ म्हणून कर्ज काढणाऱ्या बापाला आपण आशावादी म्हणत नाही, उधळ्या म्हणतो. शिवाय शहाणपण वाढले तरी स्मृती टिकतेच असे नाही. नाणेघाटातला सातवाहनकालीन ब्राह्मी लेख जेमतेम दोन हजार वर्षांचा. मधली कित्येक शतके तो वाचू शकणारा माणूस नव्हता. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीचा उलगडा केला तेव्हा ती अक्षरे बोलू लागली. आपल्याच मातीतली, आपल्याच पूर्वजांची लिपी आपण विसरलो. मग याच्या बारापट दूरच्या वंशजांसाठी ‘येथे खणू नका’ अशी पाटी कोणत्या लिपीत लिहायची? म्हणूनच फिनलंडमध्ये ओन्कालो येथे चारशे मीटरहून खोल खडकात जागा खोदली आहे, ती अशा हेतूने, की पुढे कुणी पहारा केला नाही, पाटी वाचली नाही, तरी चालावे.

दुसरा कुणी म्हणेल, मग हा दिवा लावूच नका. या म्हणण्यात तथ्य आहे. पण कोळशाचा धूरही नातवंडांच्याच वाट्याला जातो, त्याला मात्र आपण राख म्हणून मोजत नाही. आणि आज सगळ्या अणुभट्ट्या बंद केल्या, तरी आजवरची राख नाहीशी होणार नाही. अणुवीज हवी म्हणणाऱ्याला आणि नको म्हणणाऱ्याला, दोघांनाही ती काच चांगलीच व्हायला हवी आहे.

पितृऋणाची एक गंमत आहे. ते बापाला परत देऊन फिटत नाही. संततीच्या रूपानेच फिटते, असे जुन्या लोकांनी सांगून ठेवले आहे. घेतले मागच्यांकडून, द्यायचे पुढच्यांना. तेव्हा न जन्मलेल्यांचे देणे हे काही चौथे ऋण नव्हे. ते पहिल्यापासून आपल्या खात्यावर मांडलेलेच आहे. आपण उजेड भोगला आहे. देवळीतली काजळी पुसायचे काम दिवा लावणाऱ्याचेच असते, आणि घर पुढच्याच्या हवाली करण्यापूर्वी ते उरकायचे असते.